पटाच्या परवान्यावरचं १९६० साल आणि रुक्मिणीदेवी

रब्बीची सुगी उरकत आली, रानं मोकळी व्हायला लागली, की आपल्या भोकरदन-जाफराबादकडच्या गावांत पटाची बोलणी सुरू होतात. कुणी नवी जोडी आणली, कुणाचा बैल बसला, कोणता धुरकरी यंदा कुणाकडं गेला, याच्या गप्पा पारावर रंगतात. मोबाइलवर पत्रकं फिरतात. बक्षिसाचा आकडा मोठ्या अक्षरांत, पुढाऱ्यांचे फोटो त्याहून मोठे आणि खाली बारीक अक्षरात नियम-अटी. पुणे-नाशिककडं याला बैलगाडा शर्यत म्हणतात, सांगली-कोल्हापूरकडं नुसतं शर्यत म्हणतात, आपल्याकडं मात्र शंकरपट.

पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, हे आता पोराटोरांनाही माहीत झालंय. त्या परवानगीच्या कागदावर एका कायद्याचं नाव असतं: प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९६०. सात वर्षांहून जास्त काळ महाराष्ट्रातले पट बंद राहिले ते या कायद्यामुळं आणि सुरू झाले तेही याच कायद्यात राज्यानं केलेल्या दुरुस्तीमुळं. पण हा कायदा संसदेत आणण्यासाठी पहिल्यांदा कोण उभं राहिलं, असं विचारलं तर पटातल्या जुन्या माणसांनाही सांगता येत नाही. कुणी इंग्रजांचं नाव घेतं, कुणी मनेका गांधींचं. मनेका गांधींचा जन्मच १९५६ चा.

त्या होत्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. भरतनाट्यम म्हटलं की ज्यांचं नाव पहिल्या चार-दोन नावांत येतं, त्याच. २४ फेब्रुवारीला त्यांची पुण्यतिथी असते, म्हणजे नेमकी पटाच्या हंगामात.

त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ चा, तमिळनाडूतल्या मदुराईचा. वाढदिवस चार वर्षांतून एकदाच यायचा. वडील नीलकंठ शास्त्री सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर. बदलीची नोकरी, त्यामुळं आज या गावी तर उद्या त्या गावी. घर कर्मठ ब्राह्मणांचं, पण वडिलांच्या मनावर थिऑसॉफिकल सोसायटीचा आणि ॲनी बेझंट यांचा प्रभाव पडला. नोकरीतून मोकळे झाल्यावर ते मद्रासजवळ अड्यारला, सोसायटीच्या आवाराजवळच येऊन राहिले. आई शेषम्मल यांना गाण्याची आवड. पोरगी तिथल्या झाडांत, देशोदेशीच्या माणसांत वाढली. शाकाहार, सगळ्या जिवांवर दया, हे तिथं रोजच्या जेवणाइतकं साधं होतं. पुढं दिल्लीत जाऊन बैलासाठी, माकडासाठी भांडणारी बाई घडली ती या आवारात.

अड्यारला डॉ. जॉर्ज अरुंडेल नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ होते, बेझंटबाईंचे जवळचे सहकारी. १९२० साली रुक्मिणीनं त्यांच्याशी लग्न केलं. ती सोळा वर्षांची, ते एकेचाळीस वर्षांचे. ब्राह्मणाची मुलगी आणि गोरा नवरा! मद्रासेत एकच गदारोळ उठला, वर्तमानपत्रांत टीका झाली. लग्न लागलं ते आपल्या मुंबईत. त्या काळचं ते धाडस आजही छातीत धडकी भरवणारं आहे. आपल्याकडं अजून दोन पोटजातींत सोयरीक जुळवायची तर पंचवीस माणसं मध्ये पडतात.

नवऱ्याबरोबर त्या जग फिरल्या. १९२८ मध्ये रशियाची जगप्रसिद्ध नर्तिका ॲना पावलोव्हा मुंबईत आली होती. अरुंडेल पतिपत्नी तिचा कार्यक्रम बघायला गेले. पुढं ऑस्ट्रेलियाला जाताना योगायोगानं सगळे एकाच बोटीवर. ओळख वाढली, रुक्मिणीदेवी पावलोव्हाच्या मंडळीतल्या एका नर्तिकेकडं बॅले शिकू लागल्या. पावलोव्हानंच त्यांना सुचवलं, की तुमच्या देशात स्वतःची कला आहे, ती आधी शोधा.

ती कला शोधली तर कुठं सापडली? देवळाच्या दारात, देवदासींच्या पायांत. तिचं नाव तेव्हा सदिर. सुशिक्षित समाज तिला नावं ठेवायचा, सुधारक मंडळी हा नाच बंदच करा म्हणून चळवळ करायची. देवाला मुली वाहण्याची प्रथा वाईट होती यात शंका नाही. मद्रास प्रांतात १९४७ साली कायद्यानं ती बंद झाली. पण प्रथेबरोबर नाचही जाणार असं दिसत होतं. १९३३ मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीत रुक्मिणीदेवींनी हा नाच बघितला आणि तो शिकायचं ठरवलं. मैलापूर गौरी अम्मल आणि पुढं पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै हे त्यांचे गुरू. तिशीच्या बाईनं नाच शिकायला सुरुवात करायची, हे कुणाच्या डोक्यातही येणार नाही. १९३५ च्या डिसेंबरात अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या हीरकमहोत्सवात त्या पहिल्यांदा लोकांसमोर नाचल्या. पुन्हा बोंब झाली. पण कार्यक्रम संपेपर्यंत बोलणाऱ्यांपैकी बरेच जण गप्प झाले होते.

१९३६ मध्ये त्यांनी कलाक्षेत्र ही संस्था काढली. वेशभूषा बदलली, रंगमंच बदलला, नाचातला शृंगार कमी करून भक्ती पुढं आणली. हे सगळ्यांना पटलं असं नाही. देवदासी परंपरेतल्या थोर नर्तिका बालसरस्वती यांना शृंगार काढून टाकणं मुळीच मान्य नव्हतं. ज्या बायकांनी शेकडो वर्षं ही कला जपली त्यांच्या हातून ती काढून वरच्या जातींच्या मुलींच्या हातात दिली, हा आक्षेपही आजतागायत घेतला जातो आणि तो खोटा म्हणता येणार नाही. या ठिकाणी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. बंदी घाला म्हणून जिच्यामागं लोक लागले होते, ती कला या बाईंनी शिस्त लावून, नियम घालून टिकवली. ही गोष्ट पुढं बैलाच्या विषयात वेगळ्याच बाजूनं समोर येते.

१९४५ मध्ये जॉर्ज अरुंडेल वारले. रुक्मिणीदेवी एकेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांनी कलाक्षेत्रात स्वतःला गाडून घेतलं. नृत्यनाट्यं बसवली, हातमागाच्या साड्यांचे जुने नमुने परत विणायला लावले, वनस्पतींच्या रंगांची कलमकारी जगवली.

राज्यसभेतली एकटी बाई

१९५२ मध्ये राज्यसभा पहिल्यांदा बसली. राष्ट्रपतींनी ज्या बारा जणांना नेमलं त्यात रुक्मिणीदेवी होत्या. राज्यसभेवर राष्ट्रपतींनी नेमलेल्या त्या पहिल्या महिला. पक्ष नाही, मतदारसंघ नाही, मागं माणसं नाहीत. नाचणारी बाई दिल्लीत जाऊन कलेवर दोन शब्द बोलेल आणि परत येईल, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

त्यांनी हातात घेतला जनावरांचा विषय. तेव्हा देशात १८९० चा इंग्रजी कायदा चालू होता. तो मुख्यतः शहरांपुरता. रस्त्यावर घोड्याला, बैलाला उघड मारहाण झाली तर दंड, असा साधारण त्याचा आवाका. मुंबईसारख्या ठिकाणी दिनशा माणेकजी पेटिट यांच्यासारख्या पारशी दानशूरांनी १८७४ पासून जनावरांसाठी संस्था चालवली होती, परळला जनावरांचा दवाखाना काढला होता. पण गावखेड्यांत यातलं काहीच पोचत नव्हतं. आपला जालना तर तेव्हा इंग्रजी मुलखातही नव्हता, निजामाच्या राज्यात होता. १९४८ च्या सप्टेंबरात मुक्त झाला आणि रुक्मिणीदेवी दिल्लीत बोलत होत्या तेव्हा हैदराबाद राज्यातल्या औरंगाबाद जिल्ह्याचा एक तालुका होता.

रुक्मिणीदेवींनी १९५३ मध्ये खासगी सदस्य म्हणून राज्यसभेत विधेयक मांडलं. सरकारी नाही, स्वतःचं. संसदेतली खासगी विधेयकं म्हणजे बहुतेक वेळा कागदावरच राहणारी गोष्ट. स्वातंत्र्यानंतर आजपर्यंत अशी मोजकीच विधेयकं कायदा झाली आहेत, चौदाच्या आसपास. १९५४ मध्ये त्यावर चर्चा झाली. त्यांनी कत्तलखान्यांतली स्थिती सांगितली, गाड्यांना जुंपलेल्या जनावरांचे हाल सांगितले, प्रयोगशाळांसाठी परदेशी पाठवल्या जाणाऱ्या माकडांचं सांगितलं. बाकीच्यांना हे भावनेचं बोलणं वाटेल अशी भीती होती. पण पंतप्रधान नेहरू स्वतः चर्चेत उभे राहिले, विषयाचं महत्त्व मानलं आणि विधेयक मागं घ्या, सरकार समिती नेमून पूर्ण विचारानं कायदा आणेल, असा शब्द दिला. रुक्मिणीदेवींनी विधेयक मागं घेतलं.

मंत्र्यानं दिलेल्या शब्दाचं पुढं काय होतं, हे आपण आपल्या रस्त्यांच्या बाबतीत बघतोच. इथं शब्द पाळला गेला, पण सहा वर्षं लागली. केंद्रात शेतीचं काम तेव्हा आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख बघत होते. समिती बसली, अहवाल आला, मसुदा झाला. मधल्या काळात रुक्मिणीदेवींची पहिली मुदत संपली, १९५६ मध्ये त्यांना परत नेमलं गेलं. त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. २६ डिसेंबर १९६० रोजी कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. महाराष्ट्र राज्याला तेव्हा आठ महिने होत होते.

कायद्यात काय आलं

हा कायदा वाचला तर त्यात शेतकऱ्याचं जगणं माहीत असलेल्या माणसांचा हात दिसतो. जनावराला मारणं, लाथा घालणं, ताकदीबाहेर पळवणं, जास्त ओझं घालणं, आजारी-जखमी जनावर कामाला जुंपणं, उपाशी ठेवणं, हे सगळं अकराव्या कलमात गुन्हा ठरलं. जनावरांची झुंज लावणंही. पण ठरलेल्या रीतीनं वेसण घालणं, शिंगं काढणं, बैल खच्ची करणं, डाग देणं याला सूट दिली. म्हणजे बैल पाळायचा कसा याची जाण ठेवली. दूध काढण्यासाठी गाई-म्हशीला फुंका मारायचा अघोरी प्रकार तेव्हा सर्रास चालायचा. त्याला वेगळं कलम आणि दोन वर्षांपर्यंत कैद.

१९६५ मध्ये कायद्याखाली ओढकाम करणाऱ्या जनावरांचे नियम आले. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विसाव्याशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही आणि जिथं पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथं दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो. या हिशेबानं मराठवाड्यात उन्हाळ्यात भरदुपारी जुंपलेली प्रत्येक गाडी बेकायदा. शहाणा शेतकरी तसंही उन्हाचा बैल सोडतो, त्याला नियम वाचावा लागत नाही.

कमी पडलं ते शिक्षेत. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांत परत केला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. १९६० साली ५० रुपयांना किंमत होती. साठ वर्षं उलटून गेली तरी आकडा तोच आहे. आज पटाच्या मैदानात पार्किंगला जवळपास तेवढे पैसे पडतात.

कायद्याचं चौथं कलम मात्र लांबवर पोचलं. त्यानुसार १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ उभं राहिलं आणि रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. मंडळाचं कार्यालयही त्यांच्याच मद्रासेत. अगदी अलीकडं, २०१८ मध्ये, ते हरियाणात हलवलं. पुढची वीसेक वर्षं त्यांनी सकाळी नाच आणि दुपारी मंडळाच्या फायली, असं दुहेरी काम केलं. माकडांच्या निर्यातीविरुद्ध त्या बोलत राहिल्या. मोरारजी देसाईंच्या सरकारनं १९७८ मध्ये ती निर्यात बंद केली.

मोरारजींचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. १९७७ मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचं निधन झालं आणि जागा रिकामी झाली. मोरारजींनी राष्ट्रपतिपदासाठी रुक्मिणीदेवींना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. त्या हो म्हणाल्या असत्या तर देशाला पहिली महिला राष्ट्रपती तीस वर्षं आधी मिळाली असती. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील त्या पदावर बसल्या त्या २००७ मध्ये. सरपंचपदासाठी आपल्याकडं भावाभावांत वैर होतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

२४ फेब्रुवारी १९८६ रोजी रुक्मिणीदेवी गेल्या. ब्याऐंशी पूर्ण व्हायला थोडेच दिवस राहिले होते. १९९३ मध्ये संसदेनं खास कायदा करून कलाक्षेत्राला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला.

पट बंद पडला तो असा

त्यांच्या कायद्यात बाविसावं कलम आहे. खेळ करून दाखवायला जी जनावरं वापरायची नाहीत, त्यांची यादी केंद्र सरकारनं काढायची. वाघ, सिंह, अस्वल, माकड अशी ती यादी सर्कशींसाठी होती. ११ जुलै २०११ रोजी केंद्रानं त्या यादीत बैल घातला. एका ओळीची दुरुस्ती, आणि देशभरातल्या बैलांच्या शर्यती कायद्याच्या कात्रीत सापडल्या. मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल शर्यतींच्या विरोधात गेला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यती, दोन्ही बंद केल्या. तो खटला लढवणारं होतं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ, म्हणजे रुक्मिणीदेवींनीच उभं केलेलं.

त्यानंतरची वर्षं आपल्याकडच्या पटवाल्यांना चांगली आठवतात. लाखाची जोडी दावणीला उभी, खाणं तेच, पण उतरायचं कुठं? कुणी चोरून पट भरवले, गुन्हे अंगावर घेतले. कुणी जोड्या विकल्या. शर्यतीच्या बैलाला बाजार राहिला नाही की खिलारसारख्या जातीही कोण सांभाळणार, हा प्रश्न खराच होता. दुसऱ्या बाजूलाही खोटं काही नव्हतं. शेपटी पिळणं, दातानं चावणं, पराणीची आर खुपसणं, बॅटरीचा झटका देणं, हे पटात होत होतं आणि ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे. आमच्याकडं असं होत नाही म्हणणारे बहुतेक खोटं बोलतात.

जल्लीकट्टूसाठी २०१७ मध्ये तमिळनाडू रस्त्यावर उतरलं आणि तिथल्या सरकारनं कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. कर्नाटकानं केली, महाराष्ट्रानंही त्याच वर्षी केली आणि नियम बनवले. आपली दुरुस्ती उच्च न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींवर शर्यतींना तात्पुरती वाट दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

म्हणजे बंदीऐवजी नियम, हाच मार्ग शेवटी निघाला. नव्वद वर्षांपूर्वी रुक्मिणीदेवींनी सदिरच्या बाबतीत तोच काढला होता. बैलांच्या शर्यतींना त्यांनी असा मार्ग दिला असता का? त्यांचं आयुष्य बघता मला तसं वाटत नाही. नाचणारी मुलगी स्वतः हो म्हणते. बैलाला कुणी विचारत नाही, आणि त्यांचा सगळा झगडा त्या न विचारलेल्या जनावरासाठी होता. पण जगात याच वाटेनं गेलेले खेळ आहेत. अमेरिका, फ्रान्स, स्वीडनमध्ये घोड्याला हलकी दोन चाकी गाडी जोडून शर्यती होतात. तिथं घोड्यानं ठरलेली दुडकी चाल सोडून चौखूर उधळायचं नाही. उधळला तर हाकणाऱ्यानं त्याला आवरून परत चालीवर आणायचं, नाहीतर नंबर जातो. वेगाच्या खेळात वेगालाच लगाम घालणारा नियम आहे हा. आपल्या पटात अजून सगळा मान घड्याळाला आहे.

आपल्या राज्याचे नियम तसे सोपे आहेत. धाव १००० मीटरपेक्षा जास्त नाही. बैलाची पशुवैद्यकाकडून आधी तपासणी. काठी, चाबूक, आर, विजेचा झटका यातलं काहीच हातात नको. आयोजकानं ५० हजार रुपये अनामत भरायची आणि शर्यतीचं चित्रीकरण करून प्रशासनाला द्यायचं. नियम मोडला तर राज्याच्या दुरुस्तीनुसार पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. मूळ कायद्यातले ५० रुपये इथं चालत नाहीत, हे यात्रा कमिटीतल्या पोरांनी लक्षात घ्यावं. आणि अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करायचा असतो. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा पोलीस पाटलाची तोंडी परवानगी म्हणजे परवानगी नव्हे.